हक्काचे अंतर : जव्हार-मोखाड्यातील रस्ता, वाहन आणि यंत्र यांचा मागोवा

पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर वसलेले असून, वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा आदिवासी समाजांचा तेथील लोकसंख्येतील वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. येथे ‘गाव’ ही बहुतांशी महसुली नोंद असते आणि खरी वस्ती ‘पाड्यां’त, म्हणजे ओढ्यांनी व टेकड्यांनी एकमेकांपासून अलग झालेल्या थोड्याथोड्या घरांच्या समूहांत, विखुरलेली असते. या रचनेमुळे धान्य, औषध, दाखला, मजुरी अशी शासनाने देऊ केलेली प्रत्येक गोष्ट आणि ती ज्याच्यासाठी आहे तो नागरिक यांच्यामध्ये काही कोसांचे अंतर उरते, आणि हे अंतर कोणी कापायचे हाच येथील सार्वजनिक जीवनाचा मूळ प्रश्न राहिला आहे. १९९२-९३ पासूनच्या तीन दशकांत पक्के रस्ते, जीप, मोटारसायकल, मोबाइल फोन, अंगठ्याचे यंत्र आणि हजेरीचे अ‍ॅप ही साधने एकामागून एक या प्रदेशात आली. त्यांचा मागोवा घेताना प्रत्येक साधनाला एकच कसोटी लावणे योग्य ठरते : त्यामुळे पायपीट कमी झाली ती नागरिकाची की शासनाची?

वाटेवरचा प्रदेश

जव्हार शहरालगतच्या शिरपामाळावर छत्रपती शिवाजी महाराजांचा, जानेवारी १६६४ मध्ये सुरतेच्या मोहिमेवर जाताना, मुक्काम पडला होता आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी तेथे त्यांचा सन्मान केला, अशी स्थानिक परंपरा आहे. तेथील स्मारकही त्याच भेटीचे आहे. पुढे १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार आणि रामनगर ही राज्ये घेतली, त्यामागेही उत्तर कोकणातून सुरतेकडे जाणारी वाट हाती ठेवण्याचा हेतू होता. घाटमाथ्यावरचे नाशिक-त्र्यंबक आणि खालची किनारपट्टी यांना जोडणारा हा मुलूख इतिहासात मुख्यतः असा ‘जाता जाता’ येतो. येथील वाटांना महत्त्व होते ते त्या दुसरीकडे पोहोचवीत म्हणून, आणि त्या वाटांच्या कडेने राहणाऱ्यांना त्यांचा उपयोग काय, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

जव्हारच्या मुकणे घराण्याच्या संस्थानात नागरी जीवनाची काही पायाभरणी झाली होती. १९०१ च्या जनगणनेत सुमारे ४७ हजार वस्ती असलेल्या या छोट्या संस्थानाच्या राजधानीत १९१८ मध्ये नगरपरिषद स्थापन झाली, ही त्या काळाच्या मानाने लक्षणीय गोष्ट होती. मात्र तिचा लाभ शहराच्या हद्दीपुरता राहिला आणि पाडे जसे होते तसेच राहिले. १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन जव्हार ठाणे जिल्ह्यात आले, आणि तेव्हापासून १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत, म्हणजे सहासष्ट वर्षे, मोखाड्याच्या टोकाकडील शेतकऱ्याला जिल्हा कचेरीचे काम पडले तर शंभराहून अधिक किलोमीटर दूर ठाणे गाठावे लागे.

या काळात सर्वांत मोठा बदल घडवला तो एसटीने. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेली ही सार्वजनिक सेवा जव्हार-मोखाड्यापर्यंत पोहोचली, तेव्हा तिच्याबरोबर ‘मुक्कामी गाडी’ ही पद्धतही आली. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावी जाऊन रात्री तेथेच थांबणारी आणि पहाटे विद्यार्थी, रुग्ण, बाजारकरू व कचेरीचे काम असलेल्यांना घेऊन परतणारी बस होय. चालक आणि वाहक यांना त्या गावात रात्र काढावी लागत असल्यामुळे शासनाच्या सेवेतील दोन माणसे गावाच्या अडचणी प्रत्यक्ष पाहत. पत्र, औषध, निरोप हे सारे त्यांच्या हाती जाई. येथे अंतर सार्वजनिक संस्था कापत होती आणि नागरिकाला केवळ थांब्यापर्यंत यावे लागत होते, म्हणून वरील कसोटीला ही साधी व्यवस्था पुरेपूर उतरते. पुढे आलेल्या अनेक साधनांचे मूल्यमापन तिच्याशी तुलना करूनच केले पाहिजे.

वावर-वांगणी आणि रस्त्याचा प्रश्न

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने झालेले बालमृत्यू महाराष्ट्रासमोर आले, तेव्हा या प्रदेशाकडे पाहण्याची शासनाची दृष्टी बदलली. त्यानंतर जव्हार येथे अपर जिल्हाधिकारी कार्यालय सुरू झाले, आणि आदिवासी भागांतील आरोग्य, पोषण, रोजगार व धान्यपुरवठा यांच्या योजना एकत्र राबवण्यासाठी १९९५ मध्ये राज्यात नवसंजीवनी योजना आली. त्या मृत्यूंच्या मुळाशी अन्नाचा आणि रोजगाराचा अभाव होता. तथापि पावसाळ्यात पाड्यापासून आरोग्य केंद्रापर्यंत जाण्याची सोय नसणे हेही त्यांचे तितकेच ठळक कारण होते. रोजगार हमीच्या कामांतून, म्हणजे मागेल त्याला काम देण्याच्या ज्या योजनेला महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायद्याचे रूप दिले तिच्यातून, मातीचे रस्ते होत असत, परंतु मोऱ्या आणि खडीकरण यांच्या अभावी ते एका पावसातही टिकत नसत.

२५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने बारमाही, म्हणजे पावसाळ्यातही वाहतूक चालू राहील अशा, रस्त्यांचे ध्येय ठेवले. तिचा निकष मात्र लोकसंख्येचा होता : सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगरी व आदिवासी प्रदेशात २५० लोकवस्ती. सवलतीचा हा आकडाही जव्हार-मोखाड्यातील अनेक पाड्यांना गाठता येत नाही, कारण तेथील वस्ती जमिनीच्या आणि पाण्याच्या सोयीने पांगलेली आहे. परिणामी मुख्य गावापर्यंत डांबर पोहोचले आणि पाड्याकडची शेवटची दोन-तीन किलोमीटर वाट तशीच राहिली. अनेक ठिकाणी ही वाट वनजमिनीवरून जात असल्याने रस्त्याचे काम वनखात्याच्या परवानगीवर अडते. खरे पाहता २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार शाळा, दवाखाना, रस्ता अशा तेरा प्रकारच्या सार्वजनिक सोयींसाठी, प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी पंचाहत्तरहून अधिक झाडे तोडावी लागत नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. कायद्याने पाड्याच्या हाती दिलेले हे अधिकार वापरण्याची सवय ना कचेऱ्यांना लागली ना ग्रामसभांना, ही या तीन दशकांतील मोठी उणीव मानावी लागते.

या उणिवेची किंमत कोण मोजते, हे ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील मर्कटवाडी येथे दिसले. मुदतपूर्व प्रसूतीत जन्मलेली जुळी बालके वेळेत उपचार न मिळाल्याने दगावली आणि अत्यवस्थ मातेला डोलीतून, म्हणजे बांबूला बांधलेल्या चादरीच्या झोळीतून, सुमारे तीन किलोमीटर चिखलवाट तुडवत मुख्य रस्त्यापर्यंत न्यावे लागले. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा चालू आहे, आणि ती निःसंशय उपकारक ठरली आहे. परंतु रुग्णवाहिका रस्ता संपतो तेथे थांबते, आणि तेथून पुढची जबाबदारी पाड्यातील चार खांद्यांवर येते. २०२३ मध्ये राज्य शासनाने आदिवासी पाडे बारमाही रस्त्यांनी जोडण्यासाठी भगवान बिरसा मुंडा जोडरस्ते योजना मंजूर केली, हे लोकसंख्येऐवजी पाडा हे एकक मानण्याच्या दिशेने उशिरा का होईना पडलेले योग्य पाऊल आहे.

बाहेरच्यांच्या गरजेसाठी मात्र अवघड डोंगरातही अभियांत्रिकी कधी अडली नाही. मुंबईला पाणी देणारे, १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे उभे राहिले, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तो टँकरही जेथवर चाक जाते तेथवरच येतो. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे रस्त्याचा प्रश्न तांत्रिक अडचणीचा किती आणि प्राधान्याचा किती, हे स्पष्ट होते.

चाक आणि परवाना

एसटीच्या फेऱ्या जेथे अपुऱ्या पडल्या तेथे १९९० नंतर खासगी जीप आली आणि नंतर मालवाहू पिकअपही माणसे नेऊ लागली. दिवाळीनंतर भिवंडी, वसई, ठाणे परिसरातील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर स्थलांतर करणारी कुटुंबे भांडीकुंडी व लेकरांसह याच वाहनांतून जातात. येथील घाटरस्त्यांवर क्षमतेहून अधिक माणसे भरलेले वाहन चालवणे धोक्याचे आहे आणि कायद्याने तो गुन्हा आहे, याबद्दल दुमत असू शकत नाही. यात एक कमी माहीत असलेली बाब अशी की, मालवाहू वाहनातून केवळ प्रवासी म्हणून जाणाऱ्याच्या मृत्यूची वा दुखापतीची भरपाई देणे विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अखेरीस ठरवले आहे. म्हणजे सर्वांत गरीब प्रवासी सर्वांत धोक्याच्या वाहनात बसतो आणि अपघात झाल्यास त्याच्या कुटुंबाच्या मागे विम्याचे पाठबळही नसते. अशा वेळी दंडाची पावती फाडून प्रश्न सुटला असे मानणे अपुरे आहे. त्या मार्गावर त्या वेळी एसटीची फेरी होती का, हा प्रश्नही त्या पावतीबरोबर विचारला गेला पाहिजे.

वाहन चालवणे हे येथील तरुणांसाठी शेतमजुरीबाहेरच्या थोड्या व्यवसायांपैकी एक आहे, आणि परवान्याचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील आठव्या नियमानुसार प्रवासी वा मालवाहतुकीच्या वाहनाच्या परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. आई-वडिलांबरोबर भट्टीवर गेल्याने ज्याची शाळा पाचवी-सहावीत सुटली, त्याला घाटात उत्तम गाडी चालवता येत असूनही कायदेशीर रोजगार मिळत नसे. तो विनापरवाना गाडी चालवी आणि प्रत्येक तपासणीत भीतीने जगे. ही अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. रस्त्यावरील सुरक्षितता प्रमाणपत्रापेक्षा कौशल्याच्या काटेकोर चाचणीवर अवलंबून असते, हे मान्य करणारा तो निर्णय योग्यच होता, आणि त्यामुळे चाचणी अधिक कसून घेण्याची जबाबदारी वाढली.

पालघर जिल्ह्याची वाहने एमएच-४८ या क्रमांकाने वसई-विरारच्या परिवहन कार्यालयात नोंदवली जातात, आणि मोखाड्याहून तेथे जाऊन परतणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवणे होय. जून २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ परवाना घरबसल्या ऑनलाइन मिळण्याची सोय झाली, ही खेप वाचवणारी म्हणून स्वागतार्ह सुधारणा ठरते. मात्र तिच्यासाठी आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक, चालू नेटवर्क आणि अर्ज भरण्याइतकी अक्षरओळख लागते. ज्याच्याकडे हे नाही तो अर्ज भरून देणाऱ्या दुकानात जातो, सरकारी शुल्काच्या वर पैसे देतो, आणि वाहतुकीचे नियम न वाचताच परवानाधारक होतो. परिवहन अधिकारी स्वतः तालुक्याच्या गावी येऊन चाचणी घेतात, ती शिबिराची जुनी पद्धत अशा ठिकाणी ऑनलाइन सोयीहून अधिक न्याय्य आणि रस्त्याच्या दृष्टीने अधिक सुरक्षित आहे.

नागरिक आणि रस्ता यांच्या नात्यात २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने एक मोलाची भर घातली, ती म्हणजे कलम १३४-अ. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या व्यक्तीवर त्या मदतीबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि तिला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, असे हे कलम आणि त्याखालचे नियम सांगतात. जेथे रुग्णवाहिकेआधी जीपवालाच पोहोचतो, तेथे या तरतुदीची माहिती प्रत्येक चालकाला परवान्याबरोबरच दिली गेली पाहिजे.

एसटी ही या प्रदेशाची गरज किती खोल आहे हे नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या संपकाळात कळले. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांचा न्याय-अन्याय हा वेगळा विषय आहे. पण त्या महिन्यांत खासगी वाहनाचे भाडे न परवडणाऱ्यांचा शाळा-दवाखान्याशी संबंध तुटला. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना मोफत आणि मार्च २०२३ मध्ये सर्व महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास मिळू लागला. या सवलतींसाठी लागणारा पुरावा साधा आहे आणि लाभ तेथल्या तेथे मिळतो, त्यामुळे बाजार, माहेर, दवाखाना, कचेरी या साऱ्यांसाठी बाईला घरातल्या पुरुषाकडे मागावे लागणारे पैसे निम्म्यावर आले. ज्या मार्गावर फेरीच नाही तेथे मात्र निम्मे तिकीटही निरुपयोगी आहे.

संदेश आणि अफवा

मोबाइल फोनने अंतर कापले, यात शंका नाही. भट्टीवर गेलेल्या कुटुंबाची खुशाली कळते, आशा कार्यकर्ती गाडी बोलावू शकते, मजूर दुसऱ्या ठेकेदाराचा दर विचारू शकतो. पण टाळेबंदीच्या काळात शाळा पडद्यावर गेली, तेव्हा जेथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते तेथील मुलांचे शिक्षण जवळजवळ थांबले. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील जोडणीविना राहिलेल्या २४,६८० गावांना ४जी सेवा देण्याची योजना मंजूर केली, म्हणजे शाळा पडद्यावर नेण्याचा निर्णय आधी झाला आणि जोडणीचा विचार नंतर.

टाळेबंदीच्याच काळात शेजारच्या डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी, रात्री चोर फिरत असल्याच्या अफवांनी घाबरलेल्या जमावाने मोटारीतून जाणाऱ्या दोन साधूंची व त्यांच्या चालकाची हत्या केली. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथेही मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेने भटक्या समाजातील पाच जणांचा बळी घेतला होता. व्हॉट्सअ‍ॅपने त्यानंतर भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. पण अफवेचा खरा उतारा तांत्रिक नाही. जेथे रात्री पोलीस येतील असा भरवसा नसतो आणि खरे काय ते विचारावे असा शासनाचा माणूस गावात राहत नाही, तेथे फोनवर आलेला मजकूर शासनाची जागा घेतो. या हत्यांचे कोणत्याही कारणाने समर्थन होऊ शकत नाही. आणि म्हणूनच संदेश पोहोचवण्याआधी विश्वास पोहोचवण्याचे काम सार्वजनिक यंत्रणेचे आहे, हे ठामपणे सांगितले पाहिजे.

अंगठा, छायाचित्र आणि सभा

स्वस्त धान्य दुकानांत २०१७-१८ पासून ई-पॉस यंत्रे आली. शिधापत्रिकाधारकाचा अंगठा आधारच्या नोंदीशी जुळला की धान्य द्यायचे, ही त्यांची पद्धत. खोट्या नोंदी आणि काळाबाजार रोखणे हा तिचा रास्त हेतू. परंतु विटा थापणाऱ्याच्या आणि भात लावणाऱ्याच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात, आणि नेटवर्क नसले की यंत्र कोणालाच ओळखत नाही. आधार, अंगठा वा जोडणी यांच्या अभावी कोणालाही धान्य नाकारू नये, असे केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते. तरी दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसाला ही सूचना ठाऊक नसते आणि ‘उद्या या’ हे उत्तर तो निमूट स्वीकारतो. पूर्वी धान्य न मिळाल्यास दोषी दुकानदार असे आणि त्याच्याविरुद्ध तक्रार करता येई. आता नकार यंत्राच्या नावे दिला जातो आणि नकाराची नोंदही उरत नाही.

हीच गोष्ट रोजगार हमीच्या हजेरीची. १ जानेवारी २०२३ पासून कामावरील मजुरांची छायाचित्रे दिवसातून दोनदा अ‍ॅपवर चढवणे बंधनकारक झाले. खोटी हजेरी रोखण्यासाठी हे आवश्यक असल्याचे सांगितले जाते. मात्र ज्याने सकाळीच नेमून दिलेले खोदकाम पुरे केले त्याला दुसऱ्या छायाचित्रासाठी थांबावे लागते, आणि छायाचित्र चढले नाही तर केलेल्या कामाची मजुरी धोक्यात येते. शासनाने घरी बसून मजुरावर लक्ष ठेवण्याची सोय केली आणि तिचा भार मजुरावर टाकला, असे या व्यवस्थेचे वर्णन करावे लागते.

याउलट तंत्राचे काही बदल कसोटीला चांगले उतरले आहेत. १ मे २०१८ पासून मिळू लागलेल्या डिजिटल स्वाक्षरीच्या सात-बारा उताऱ्याने तलाठ्याच्या दाराशी घालायच्या खेपा कमी केल्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्याला मुदत आणि विलंबाला उत्तरदायी अधिकारी नेमून दिला. या दोन्हींमध्ये काम न झाल्यास जाब कोणाला विचारायचा हे निश्चित आहे.

अशा जाब विचारण्याची परंपराही या प्रदेशात आहे. कष्टकरी संघटना आणि श्रमजीवी संघटना यांनी मोर्चांतून, तर वयम् चळवळीने माहितीचा अधिकार व वनहक्क कायदा यांच्या अभ्यासवर्गांतून, येथील माणसाला कचेरीत ताठ मानेने बोलायला शिकवले. १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेला विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याने, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागण्याचा आणि स्वतःची ग्रामसभा भरवण्याचा मार्ग खुला केला. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट अशा क्षेत्रांतील ग्रामपंचायतींना मिळू लागला. एका झाडाखाली भरणाऱ्या सभेला विजेची वा नेटवर्कची गरज नसते, तरीही नागरी जीवनाचे ते सर्वांत प्रगत साधन आहे, कारण त्यात निर्णय घेणारा आणि परिणाम भोगणारा समोरासमोर बसतो.

तीन दशकांचा निष्कर्ष

हा मागोवा तंत्रज्ञानाच्या विरोधात जात नाही. रस्ता, बस, रुग्णवाहिका, फोन आणि सात-बारा उतारा यांनी जव्हार-मोखाड्यातील जीवन निश्चितच सुसह्य केले आहे. त्यातून दिसते ते असे की, ज्या साधनाने शासनाला पाड्याकडे आणले ते टिकले आणि उपयोगी पडले, तर ज्याने स्वतःला सिद्ध करण्याचा भार नागरिकावर टाकला त्याने जुनेच अंतर नव्या रूपात उभे केले. म्हणून रस्त्याचे एकक पाडा असावे आणि कलम ३(२) चे प्रस्ताव ग्रामसेवकाने ग्रामसभेत स्वतः मांडावेत. बंद झालेल्या मुक्कामी गाड्या पुन्हा सुरू व्हाव्यात. परवान्याची चाचणी तालुक्याला नियमित व्हावी. आणि यंत्राने अंगठा वा छायाचित्र नाकारले तर नकाराची लेखी पावती देणे बंधनकारक असावे व ती पावती देणाऱ्यानेच त्या दिवशीचे धान्य किंवा मजुरी पर्यायी नोंदीवर द्यावी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा शोध लागत नाही. लागतो तो इतकाच निश्चय, की पुढचे कोणतेही साधन गावात आणण्याआधी ते बंद पडल्यास चालत कोण जाणार हे ग्रामसभेपुढे सांगितले जाईल, आणि त्याचे उत्तर ‘नागरिक’ असे असेल तर ते साधन दुरुस्त होईपर्यंत थांबवण्याचा अधिकार त्या सभेला असेल.